छत्री बाळगण्याचा अधिकार

हॉस्टेटर मळा, टॅनर्स गॅप, पेनसिल्व्हेनिया
१२ सप्टेंबर

श्रीमती मार्नी केसलर, नागरिकशास्त्र शिक्षिका, टॅनर्स गॅप हायस्कूल, यांस,

शाळा मंडळाची अध्यक्ष या नात्याने कळवते की आपल्याविरुद्ध दोन लेखी तक्रारी आल्या आहेत. आपण अकरावीच्या वर्गाला सहा आठवडे 'बंदुकांचे कायदे आणि राज्यघटनेतले हक्क' शिकवणार, असं पालकांच्या कानावर आलं आहे. पहिल्या तक्रारदाराचं म्हणणं असं की बाई आमच्या मुलांना बंदुका टाकून द्यायला शिकवणार. दुसऱ्याचं म्हणणं असं की बाई आमच्या मुलांच्या डोक्यात बंदुका भरणार. या दोन कुटुंबांचं गेल्या वीस वर्षांत एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं. ते आपण घडवून आणलंत, त्याबद्दल आधी अभिनंदन.

नियमपुस्तिकेप्रमाणे तक्रार लेखी, उत्तर लेखी आणि तेही टपालाने. ईमेल चालत नाही, कारण मागे एकदा मुख्याध्यापक डंकेलसाहेबांनी एका पालकाबद्दलचं आपलं खरं मत चुकून सगळ्या पालकांना पाठवलं होतं. दहा दिवसांत उत्तर द्यावं. आपली नोकरी अजून कायम झालेली नाही, याची आठवण करून देते. ही धमकी नाही. धमकी असती तर डंकेलसाहेबांकडून लिहून घेतली असती, त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

आता आत्या म्हणून. मार्नी, तू सहा मैलांवर राहतेस, दर रविवारी माझ्या टेबलावर जेवतेस, म्हणजे हे तोंडी सांगता आलं असतं. पण जेवणाच्या टेबलावर धर्म, मतदान आणि बंदूक हे तीन विषय काढायचे नाहीत, हा माझ्या आईचा नियम. त्या नियमामुळेच आपल्या घरातल्या बश्या अजून शाबूत आहेत. तेव्हा हे आपलं पत्रातच राहू दे. रविवारी ये. बिटाच्या पाण्यात मुरवलेली लाल अंडी केली आहेत.

तुझी आत्या (आणि आपली अध्यक्ष),
लुएला हॉस्टेटर

ता. क. तुझ्या वर्गाला राजधानीत नेऊन विधिमंडळ दाखवायचं म्हणून पालकांनी सोडत काढली आहे. बक्षीस रायफलीचं. चार तिकिटं सोबत जोडली आहेत, ती खपव.


१७ सप्टेंबर

माननीय अध्यक्षमहोदया,

आपलं पत्र मिळालं. माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलांना बालवाडीपासून एक कवायत येते. घंटा वाजली की दिवे बंद करायचे, दार लावायचं, भिंतीला टेकून बसायचं आणि आलेली शिंक गिळायची. कशासाठी, तर बंदूक घेऊन कुणी शाळेत शिरलं तर. ही कवायत त्यांना पाढ्यांपेक्षा बरी येते. यातल्या निम्म्यांकडे स्वतःच्या रायफली आहेत. हरणाच्या हंगामाच्या पहिल्या सोमवारी आपण शाळेला सुट्टी देतो, कारण नाही दिली तरी कुणी येत नाही. आणि पुढल्या वर्षी ती मतदानही करतील. थोडक्यात, बंदूक चालवायला, बंदुकीपासून लपायला आणि बंदुकीवर मत द्यायला ती पुरेशी मोठी आहेत. बंदुकीबद्दल राज्यघटनेत काय लिहिलंय ते वाचायला मात्र लहान पडतात.

पहिल्या दिवशी मी विचारलं, दुसरी घटनादुरुस्ती काय सांगते. एकजण म्हणाला, "बाबा ज्यावरून टीव्हीशी भांडतात ते." हे आतापर्यंतचं सगळ्यात जवळचं उत्तर. मूळ वाक्य इनमिन सत्तावीस शब्दांचं आहे. गाड्यांच्या मागच्या काचेवर सगळ्यांनी पाहिलंय, पण पूर्ण कुणीच वाचलेलं नाही. काचेवर निम्मंच मावतं.

गेल्या वर्षी टी-शर्टवर रायफलीचं चित्र होतं म्हणून डंकेलसाहेबांनी एका मुलाला घरी पाठवलं. सोडतीतल्या रायफलीचं चित्र त्यापेक्षा चौपट मोठं आहे आणि शाळेच्या फाटकातच लावलंय. त्या चित्राला घरी कधी पाठवणार, असं मुलं विचारतात. काय सांगू?

एक विनंती आहे. तीस वर्षं या गावात शिकारी-सुरक्षेचे वर्ग घेतले ते आतोबांनी. ज्याच्या खिशात शिकाऱ्याचं नारिंगी कार्ड आहे, त्याला ते त्यांनीच दिलंय. डंकेलसाहेबांनाही दिलंय, दुसऱ्या खेपेला. तेव्हा एक दिवस आतोबांना माझ्या वर्गात पाठव. ऑरिन हॉस्टेटर बोलताहेत म्हटल्यावर दोन्ही तक्रारदार दप्तर घेऊन पहिल्या बाकावर येऊन बसतील.

आपली आज्ञाधारक (रविवारपर्यंत),
मार्नी


२९ सप्टेंबर

श्रीमती केसलर यांस,

मंडळाची बैठक झाली. तीन तास चर्चा झाली, त्यातले अडीच तास फुटबॉलच्या मैदानावरच्या दिव्यांवर. उरलेल्या वेळात आपला विषय मार्गी लागला. ठराव असा: आपण राज्यघटना शिकवावी, दुसरी घटनादुरुस्तीही शिकवावी, मात्र शिकवताना 'बंदूक' हा शब्द उच्चारू नये, कारण त्याने भावना दुखावतात. कुणाच्या भावना आणि कोणत्या, हे ठरवायला वेळ उरला नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक डंकेलसाहेब. मी हात वर केला, कारण न केला असता तर तुझी सहा आठवड्यांची योजना मुळातच रद्द करायचा दुसरा ठराव टेबलावर तयार होता. हे इतिवृत्तात नाही, पण तुला माहीत असावं.

ऑरिनचं जमणार नाही. त्याचा गुडघा दुखतो आहे, शिवाय कोठाराच्या छपराचं काम काढलंय त्याने. या रविवारी येऊ नकोस. पुढच्या रविवारचं मी कळवीन.

लुएला हॉस्टेटर


४ ऑक्टोबर

माननीय अध्यक्षमहोदया,

दुखऱ्या गुडघ्याने छपरावर चढणाऱ्या आतोबांना माझा साष्टांग नमस्कार. सबब एकच द्यायची असते, आत्या. दोन दिल्या की एकमेकींचे पाय ओढतात. मी वर्गात काय शिकवते त्याचे शिंतोडे तुझ्या खुर्चीवर उडू नयेत म्हणून तू मला टेबलावरून उठवलंस, हे न कळण्याइतकी मी लहान नाही.

असो, ठरावाची अंमलबजावणी सुरू आहे. 'बंदूक' म्हणायचं नाही हे ऐकल्यावर मुलांनी पर्याय शोधले. कुणी 'ती वस्तू' सुचवलं, कुणी 'काकू'. शेवटी ओडेसा स्नायडर नावाची मुलगी उठली. ही बोलते कमी, पण बोलते तेव्हा खडूही थांबतो. म्हणाली, "छत्री म्हणा. प्रत्येकाच्या घरी असते, जास्त करून दाराशी असते, आणि लागेल म्हणून घेतात पण बहुतेकांना कधी लागत नाही."

तेव्हापासून आमच्याकडे छत्रीचं राज्य आहे. छत्री बाळगण्याचा जनतेचा अधिकार हिरावला जाणार नाही, हे आम्ही वाचलं. तो अधिकार एकेकट्या माणसाचा की गावाच्या छत्रीधारी पथकाचा, यावर दोन तास खडाजंगी झाली. दुकानातून छत्री घेताना पार्श्वभूमी तपासतात, मग शेजाऱ्याकडून लांब दांड्याची छत्री घेताना कुणी का तपासत नाही, यावर एका मुलाने निबंध लिहिला. त्याच्या वडिलांनी तो वाचला आणि पहिल्यांदाच मुलाला विचारलं, "तुला काय वाटतं?" हे वडील म्हणजे आपले तक्रारदार क्रमांक एक. गंमत अशी की मुलं भांडतात, पण कुणीही कुणाला मूर्ख म्हणत नाही. छत्रीवरून मूर्ख म्हणायला जीभच वळत नाही बहुतेक. मंडळाने नकळत चांगलं काम केलं. ते पुन्हा घडेल अशी भीती बाळगायचं कारण नाही.

मार्नी


१९ ऑक्टोबर

मार्नी,

सोडत झाली. बक्षीस ऑरिनला लागलं. त्याने तिकीट कधी घेतलं होतं ते त्याला आठवत नाही, मलाही ठाऊक नव्हतं. परवा जाऊन दुकानातून घेऊन आला. तपासणी पाच मिनिटांत झाली म्हणाला.

या रविवारीही नको.

आत्या


२२ ऑक्टोबर

आत्या,

आतोबांचं अभिनंदन. आधीच तेरा होत्या, आता चौदा झाल्या. नागरिकशास्त्राची मुलं विधिमंडळ बघायला जावीत म्हणून लोक रायफल वाटतात, आणि ती रायफल ज्याला लागते त्याला त्याच मुलांशी बोलायला परवानगी नाही. असं हे आपलं शाळा मंडळ, आणि त्याच्या शिरोभागी तू.

तीन रविवार झाले. मी बाजारात तुला हाक मारली तर तू टोमॅटोच्या डब्यांकडे वळलीस. डब्यावर काय लिहिलेलं असतं ते आपल्या दोघींनाही पाठ आहे. आतोबा गाडीत बसले होते. मी हात केला, त्यांनी परक्या बाईला करतात तसा अदबीने टोपीला हात लावला. तू त्यांनाही माझ्याविरुद्ध फितवलंस, याचं मात्र वाईट वाटलं. मला रायफल धरायला त्यांनी शिकवलं, बापाने नाही. मी बारा वर्षांची होते, आणि समोर काय आहे ते दहादा विचारून त्यांनी माझा जीव नकोसा केला होता. त्यांच्याशी माझं कधीच वाकडं नव्हतं.

तुझ्या खुर्चीला माझा नमस्कार कळव.

मार्नी


७ नोव्हेंबर

श्रीमती केसलर यांस,

आपल्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. विद्यार्थ्यांची प्रगती तपासावी म्हणून मंडळातर्फे एक काल्पनिक प्रश्न पाठवते आहे. वर्गात चर्चा करून उत्तर कळवावं.

एक म्हातारा आहे. सज्जन आहे, उभ्या आयुष्यात त्याने कायदा मोडलेला नाही. घरात चौदा छत्र्या आहेत. अलीकडे त्याची आठवण जाऊ लागली आहे. काही दिवस चांगले असतात, तेव्हा तो पूर्वीसारखाच हुशार आणि खोचक असतो. काही दिवस वाईट. छत्र्या त्याच्या आहेत, अधिकार त्याचा आहे. घरात त्याची बायको आहे. तिने लपवल्या तर तो दिवसभर शोधतो आणि चोर शिरला म्हणून आणखी बिथरतो. सांगा, अधिकार कुणाचा? छत्र्या कुणी घ्यायच्या? कायदा काय म्हणतो?

उत्तर लवकर द्यावं.

लुएला हॉस्टेटर


११ नोव्हेंबर

माननीय अध्यक्षमहोदया,

प्रश्न चांगला आहे. कुणीतरी हुशार माणसाने काढलेला दिसतो, म्हणजे डंकेलसाहेब नक्की नव्हेत. यात मला पकडायचा सापळा आहे हेही कळलं. 'घ्या' म्हटलं तर पहिल्या तक्रारदाराची तक्रार खरी, 'राहू द्या' म्हटलं तर दुसऱ्याची. म्हणून मी तोंड बंद ठेवलं आणि मुलांना बोलू दिलं.

एका गटाने पोलिसांना बोलवा म्हटलं. दुसऱ्या गटाने कायदा उघडला. आपल्या राज्यात नुसत्या बायकोच्या शब्दावर कुणी घरात शिरून छत्र्या उचलू शकत नाही, न्यायालयाची पायरी चढावी लागते. असं असणं बरोबर आहे, असं निम्म्या वर्गाला वाटतं. उद्या कुणी आकसाने शब्द टाकला तर? न्यायालयाने म्हाताऱ्याला अक्षम ठरवलं तर नुसत्या छत्र्याच जातील असं नाही, त्याचा सगळाच कारभार दुसऱ्याच्या हाती जाऊ शकेल. बायकोने असं करावं का, यावर फळा भरला. एकजण म्हणाला, अधिकार जन्मभराचा असतो. दुसरा म्हणाला, कुणाच्या जन्मभराचा, त्याच्या की तिच्या?

मग ओडेसा उठली. म्हणाली, "बाई, आपण तासभर बोलतोय त्याच्याकडून कुणी काढून घ्यायच्या म्हणून. म्हाताऱ्याला कुणी विचारलं का? त्याचे चांगले दिवस आहेत ना अजून? अधिकार त्याचा आहे म्हणता, मग खाली ठेवायचा अधिकारही त्याचाच. पण चांगल्या दिवशी विचारायला हवं. वाईट दिवशी विचारलं तर उशीर झालेला असेल."

मी तिला पैकीच्या पैकी दिले. मंडळाला मान्य नसेल तर तसा ठराव करावा.

मार्नी


१४ नोव्हेंबर

मार्नी,

प्रश्न काल्पनिक नव्हता, सापळाही नव्हता.

उन्हाळ्यात सुरू झालं. ऑरिन मंगळवारी चर्चला निघायचा. गाडीची किल्ली फ्रीजमध्ये सापडली तेव्हा आम्ही दोघं हसलो. मग एकदा त्याने मला विचारलं, "लुएला कधी येणार?" मी हसले नाही. डॉक्टरांनी नाव सांगितलं त्या आजाराचं. ते मी कुणालाच सांगितलं नाही. ज्याने अर्ध्या गावाला सावध राहायला शिकवलं, त्याच्याकडे गावाने कीव करून बघावं, हे मला सोसणार नव्हतं. तू पहिल्याच पत्रात त्याला वर्गात मागितलंस. तुझ्या वर्गात तो मध्येच थांबला असता आणि सगळ्यांकडे बघत राहिला असता, ही भीती होती मला. तुझ्या शिकवण्याची नव्हती. बाजारात तुला बघून त्याने टोपीला हात लावला, कारण तू त्याच्या लेखी खरोखरच परकी बाई होतीस. मी डब्यांकडे वळले, कारण रडू येत होतं.

बंदुकीच्या दुकानातही मी त्याच्यासोबत होते, तुला तेव्हा लिहिलं नाही. तपासणीच्या कागदावरून त्याला विचारलं, तुरुंगात होतात का? नाही. इस्पितळात सक्तीने ठेवलं होतं का? नाही. न्यायालयाने काही ठरवलंय का? नाही. सगळी उत्तरं खरी होती. दुकानदाराने 'शाबास, ऑरिन' म्हणून पाठ थोपटली. परतताना गाडीत ऑरिनने विचारलं, आपण कुणाकडे आलो होतो? ते विचारायला कागदावर जागा नव्हती.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी मी कोंबड्यांची अंडी घेऊन मागच्या दाराने आत आले. तो स्वयंपाकघरात उभा होता, आणि त्याने माझ्यावर छत्री रोखली. मला तो खरा शब्द त्या दिवसापासून लिहवत नाही, बघ. तू आणि तुझी पोरं छत्री म्हणून हसलात, आणि आता मला त्याच शब्दाचा आधार आहे. तो म्हणाला, "बाई, हे माझ्या बायकोचं घर आहे. जिथून आलात तिथून जा." मी म्हटलं, बरं, जाते. अंडी तशीच हातात धरून बाहेर आले आणि कोठाराशी उभी राहिले. थोड्या वेळाने तो आला आणि म्हणाला, "लुएला, थंडीत काय करतेस?"

मी न्यायालयात गेले तर माझीच ओरड माझ्यावर उलटेल, मार्नी. चाळीस वर्षं मी या गावाला सांगितलं की घरातल्या गोष्टीत कायद्याने नाक खुपसू नये. आता मीच कायद्याच्या दारात उभी आहे. आणि कायदा म्हणतो, बाई, घरातली गोष्ट आहे.

तुझ्या त्या मुलीने म्हटलं, त्यालाच विचारा. मी विचारलेलं नाही. धीर होत नाही.

लुएला


१५ नोव्हेंबर

आत्या,

मी लिहिलेली सगळी पत्रं परत वाचली. आता टोमणा सुचत नाही.

मी लगेच येते. बाबा गाडी घेऊन येतील, त्यांच्याकडे कुलपाची लोखंडी तिजोरी आहे. तू म्हणशील तेव्हा. तोवर मागच्या दाराने आत जाऊ नकोस. आत शिरण्याआधी लांबूनच हाक मार, आणि स्वतःचं नाव सांग. चाळीस वर्षांच्या संसारानंतर आपल्याच घरात नाव सांगून शिरायला सांगते आहे, मला माफ कर.

आणि धीर होत नसेल तरी विचार, आत्या. ते मास्तर आहेत. मास्तराला प्रश्न विचारला की बरं वाटतं.

मार्नी


२९ नोव्हेंबर

मार्नी,

तू येते म्हणालीस आणि मी फोनवर नको म्हटलं, त्याचा राग धरू नकोस. हे मी एकटीनेच विचारायला हवं होतं.

शनिवारी सकाळी चांगला दिवस उगवला. खिरीत काकवी कमी आहे म्हणून तो कुरकुरला, त्यावरून कळलं. मी टेबलावरच विषय काढला. आईचा नियम मोडला. म्हटलं, ऑरिन, तुझ्या बंदुकांबद्दल बोलायचंय.

तो लगेच म्हणाला, "मी कुणावर रोखली का?"

"हो."

"कुणावर?"

"माझ्यावर."

त्याने चमचा खाली ठेवला. विचारलं, "बोट कुठं होतं?"

"चापाच्या बाहेर. दांड्यावर सरळ."

"बरं. तेवढं तरी हाताच्या लक्षात आहे." मग म्हणाला, "लुएला, माझा दुसरा नियम सांग."

तीस वर्षं मी त्याच्या वर्गात मागे बसून कॉफी ओतली आहे. मी म्हटलं, "समोर कोण आहे, त्याच्या मागे कोण आहे, याची खात्री झाल्याशिवाय रोखायची नाही."

"हा नियम ज्याचा चुकला, त्याला मी काय करायचो?"

"नापास."

"रडलं पोरगं तरी?"

"रडलं तरी."

"डंकेल रडला होता," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो, ते मग रडण्यात गेलं. त्याने खिशातून स्वतःचं नारिंगी कार्ड काढलं, बाराव्या वर्षी मिळालेलं, आणि खिरीच्या वाडग्याशेजारी ठेवलं. म्हणाला, "तुझ्या भावाला, एल्विनला बोलाव. वाद घालू नकोस, माझं मन उद्या बदलेल आणि तेव्हा ते माझं नसेल." मग कागद मागितला, स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली, आणि म्हणाला, कपाटाच्या आत चिकटव, मीच मला सांगितलेलं बरं. तुझे बाबा तासाभरात आले. तेरा त्यांच्या तिजोरीत गेल्या. चौदावी पालकांना परत केली. ते ती पुढच्या वर्षी पुन्हा सोडतीत ठेवणार आहेत, तेव्हा तुझ्या पुढच्या वर्गाच्या सहलीची चिंता नको.

सोमवारच्या बैठकीत मी ठराव मागे घेतला. त्यासाठी मला 'बंदूक' हा शब्द तीनदा म्हणावा लागला. चौथ्यांदा त्या शब्दाऐवजी 'माझं घर' म्हटलं, आणि तिथे काय झालं ते सांगितलं. कुणाच्या भावना दुखावल्या का, असं मी विचारलं. डंकेलसाहेबांनी इतिवृत्तात काय लिहायचं म्हणून विचारलं, मी म्हटलं, जे ऐकलंत ते. तुझा वर्ग आता कायम आहे, तूही कायम आहेस. तक्रारदार दोघंही होते. एकाने माझ्यासाठी दार उघडून धरलं. ओडेसाला सांग, म्हाताऱ्याला विचारलं म्हणून.

त्याच दिवशी सकाळी, हंगामाचा पहिला सोमवार. बाराव्या वर्षापासून पहिल्यांदाच ऑरिन घरी होता. डोंगरात लोकांचे बार ऐकू येत होते. तो उठून कपाटापाशी गेला, दार उघडलं, आणि रिकाम्या खणाकडे बघत राहिला. मी लांबूनच हाक मारली, नाव सांगितलं, तुझ्या सूचनेप्रमाणे. तो वळला. वाईट दिवस होता.

"बाई, इथल्या बंदुका कुठं गेल्या?"

मी म्हटलं, आतल्या बाजूला लिहिलंय बघा.

त्याने चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं, वर्गात वाचायचा तसंच. "समोर कोण आहे हे ज्याला ओळखता येत नाही, त्याच्या हातात बंदूक देऊ नये. तो मी असलो तरी. ऑरिन हॉस्टेटर, प्रशिक्षक."

दोनदा वाचलं. मग मान डोलावली. "माणूस शहाणा दिसतो. कोण हा?"

"माझा नवरा."

"नशीबवान आहात," तो म्हणाला, आणि कपाटाचं दार हळूच लावून घेतलं. "सांभाळा त्याला."

मी सांभाळते आहे. रविवारी ये. लाल अंडी केली आहेत. टेबलावर काय वाटेल ते बोल.

तुझी आत्या,
लुएला